भाड्याचं घर घेताय? सांगली-मिरजेत करारावर अंगठा लावण्याआधी विचारायचे प्रश्न

सांगली, मिरज, कुपवाड या भागात मी भाडेकरारांची ऑनलाइन नोंदणी करून देते. लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं मशीन पिशवीत घालून घरोघरी जाणं हे माझं रोजचं काम. बहुतेक घरांत एकच प्रसंग घडतो. चहा होतो, आधार क्रमांक घातले जातात, आणि अंगठा मशीनवर टेकवताना भाडेकरू हळूच विचारतो, "ताई, ह्यात काय काय लिहिलंय?" तोवर डिपॉझिट दिलेलं असतं, सामानाचा टेम्पो ठरलेला असतो, जुनं घर रिकामं करायची तारीख उद्यावर आलेली असते. अशा वेळी एखादं कलम बदला म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही. म्हणून मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे लिहीत आहे. टोकन देण्याच्या आधी हे वाचावं, एवढंच मागणं आहे.

भाडेपट्टा आणि लिव्ह अँड लायसन्स एकच का?

नाही. बोलताना आपण दोन्हीला 'भाडेकरार'च म्हणतो, पण कायद्याच्या नजरेत फरक मोठा आहे. भाडेपट्ट्यात जागेचा हक्क ठरावीक काळासाठी तुमच्याकडे येतो. लिव्ह अँड लायसन्समध्ये जागा वापरायची फक्त परवानगी मिळते, ताबा कायद्याने मालकाचाच राहतो. या परवानगीची व्याख्या १८८२ च्या सुखाधिकार कायद्यातली आहे. आपल्याकडे राहत्या घरांचे बहुतेक सगळे करार याच प्रकारचे असतात. त्यात मालकाला 'परवाना देणार', तुम्हाला 'परवाना घेणार' आणि भाड्याला 'परवाना शुल्क' म्हटलेलं दिसेल. शब्द अवघड वाटले म्हणून पान उलटू नका. तुम्ही नेमके कोण म्हणून सही करताय, ते पहिल्याच परिच्छेदात कळतं.

११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही ना?

महाराष्ट्रात लागते. हा गैरसमज इतका पसरलाय की मी दिवसातून एकदा तरी तो खोडून काढते. त्याचं मूळ १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. त्या कायद्याप्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, म्हणून लोकांनी ११ महिन्यांची पळवाट काढली. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ ने ती बुजवली. करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळली तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद त्याच कलमात आहे. नोंदणी नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. म्हणजे नोंदणी टाळण्यात मालकाचाही फायदा नाही. हे एकदा समजावून सांगितलं की बरेच मालक आपणहून तयार होतात.

पण आमचे घरमालक म्हणतात, स्टॅम्पपेपरवर नोटरी करू, खर्च वाचेल.

नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. नोटरीच्या शिक्क्याने सही कुणाची हे कळतं, पण करार सरकारी दफ्तरात नोंदला जात नाही.

आणि खर्च किती वाचतो, तेही बघा. समजा भाडं ८ हजार, परत मिळणारं डिपॉझिट ३० हजार, मुदत ११ महिने. मुद्रांक शुल्क ठरवताना एकूण भाडं धरतात, म्हणजे ८८ हजार. त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज मिळवतात, ते ११ महिन्यांचं २,७५० होतं. बेरीज ९०,७५०. त्यावर पाव टक्का म्हणजे साधारण २२७ रुपये, पुढे पूर्णांकात आणून भरायचे. नोंदणी फी महापालिकेच्या हद्दीत १ हजार आणि ग्रामीण भागात ५००. हरिपूर, बुधगाव, माधवनगर या ग्रामपंचायतींत घर घेणाऱ्यांनी फीचा हा फरक लक्षात ठेवावा. याशिवाय कागदपत्र हाताळणीचं किरकोळ शुल्क आणि आमच्यासारख्यांचा मेहनताना. हा खर्च कुणी करायचा, निम्मा-निम्मा की कसा, ते आधी बोलून घ्या. ११ महिन्यांऐवजी दोन-तीन वर्षांचा करार केला तर दरवर्षी पुन्हा हा खर्च पडत नाही. ६० महिन्यांपर्यंत पाव टक्क्याचाच दर लागतो.

डिपॉझिट दोन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, असा नवा कायदा आलाय ना?

मोबाइलवर फिरणाऱ्या या निरोपामुळे माझ्यासमोर दोनदा भांडणं झाली आहेत. केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा दिला, त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे. पण तो नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. आपल्याकडे चालतो तो १९९९ चाच कायदा, आणि त्यात लिव्ह अँड लायसन्सच्या डिपॉझिटला अशी मर्यादा नाही. मग जे ठरेल ते ठरवण्यावर, आणि लिहून घेण्यावर.

डिपॉझिटबाबत आकड्याहून महत्त्वाचं कलम ते परत कधी मिळणार याचं. 'घर सोडल्यानंतर परत करण्यात येईल' असं मोघम वाक्य बहुतेक छापील नमुन्यांत असतं. सोडल्यानंतर म्हणजे दुसऱ्या दिवशी की दिवाळीनंतर? 'चाव्या देताना, त्याच वेळी, बँक खात्यावर' असं लिहून घ्या. वीजबिल यायचं असतं म्हणून मालकांना थोडी रक्कम मागे ठेवायची असेल तर ते वाजवी आहे. मग ती रक्कम किती आणि किती दिवसांसाठी, तेही लिहा. डिपॉझिट रोख देऊ नका. दिलंच असेल तर करारात 'रोख मिळाले, पोहोचले' हा उल्लेख नक्की तपासा. खात्यावर दिलं असेल तर व्यवहाराचा क्रमांक आणि तारीख करारात घालता येते. मी न विचारता घालते.

घर सोडताना रंगाचे पैसे कापतात, ते बरोबर आहे का?

करारात काय लिहिलंय त्यावर अवलंबून. इथे माझाच अनुभव सांगते. या कामात येण्याआधी आम्ही विश्रामबागेत दोन खोल्यांत साडेतीन वर्षं भाड्याने राहिलो. सोडताना २० हजारांच्या डिपॉझिटमधून १२ हजार रंगासाठी वजा झाले. स्वयंपाकघराच्या एका भिंतीला ओल होती, ती आम्ही आलो तेव्हापासूनची. मी सांगितलं, पण माझ्याकडे एकही फोटो नव्हता, आणि करारात एकच ओळ होती: 'जागा मूळ स्थितीत परत करणे.' मूळ स्थिती कोणती, हे कुठेच नव्हतं. मुलाच्या शाळेची फी भरायची होती त्या महिन्यात. ते बारा हजार मला आजही आठवतात.

वापराने होणारी झीज वेगळी आणि नुकसान वेगळं. तीन वर्षांत रंग फिका पडणं, नळाचं वॉशर जाणं, दाराची कडी सैल होणं ही झीज. खिळे ठोकून भिंत फोडणं, बेसिन तडकवणं हे नुकसान. 'नेहमीच्या वापरातून झालेली झीज वगळून' एवढे शब्द त्या ओळीत घाला. रंगासाठी कापायचंच ठरलं असेल तर रक्कम आधीच आकड्यात लिहा.

आणि सामान आत नेण्याआधी रिकाम्या घराचं चित्रीकरण करा. ओल, फुटलेल्या फरश्या, छताचे पोपडे, सिंकखालचा पाइप, सगळं. ते त्याच दिवशी मालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा म्हणजे तारीख राहते. पंखे किती, गीझर चालू की बंद, सोलरचं पाणी येतं का, चाव्यांचे जोड किती, ही यादी कराराला जोडता येते. ऑनलाइन नोंदणीत त्यासाठी वेगळी जागाच असते, पण बहुतेक जण ती मोकळी सोडतात.

दुरुस्ती कुणी करायची?

सर्वसाधारण रीत अशी की भिंत, छत, गळती, ड्रेनेज, मुख्य वायरिंग मालकाकडे. बल्ब, नळाची तोटी, कुलूप तुमच्याकडे. रीत कागदावर आणा. पावसाळ्यात स्लॅब गळायला लागला आणि मालक पुण्याला असतील, तर तुम्ही दुरुस्ती करून भाड्यातून वजा करू शकता का, हेही विचारून ठेवा. विचारलंत तर बहुतेक 'हो' म्हणतात.

मीटर एकच आहे, बिल कसं वाटायचं?

खाली मालक, वर भाडेकरू, मीटर एक, ही सांगलीतल्या बंगल्यांची नेहमीची मांडणी. इथे एक गोष्ट कुणी सांगत नाही. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत. पहिल्या १०० युनिटना एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून बराच जास्त, पुढे आणखी. समजा तुमची ९० आणि मालकांची ९० युनिटं झाली. मीटर वेगळे असते तर दोघंही पहिल्या टप्प्यात राहिले असते. एकाच मीटरवर १८० होतात आणि वरच्या ८० युनिटना चढा दर लागतो. म्हणून 'युनिटला अमुक रुपये' असं कुणी सांगितलं तर तो आकडा कुठून आला, ते गेल्या दोन-तीन बिलांवरून समजून घ्या. सबमीटर असेल तर सुरुवातीचं रीडिंग करारात लिहा आणि फोटो काढा. स्वतंत्र मीटर असेल तर ग्राहक क्रमांक घालून मागची थकबाकी बघा. दुसऱ्याच्या थकबाकीमुळे वीज तोडली तरी अंधारात तुम्हीच बसणार.

घरपट्टी मालकाची. पाणीपट्टी कुणाची ते लिहा. नळाला पाणी किती वेळ आणि कधी येतं, बोअर आहे का, मोटर कुणाच्या मीटरवर आहे, हे शेजारच्या बाईंना विचारा. मालकांपेक्षा खरं उत्तर तिथे मिळतं.

पुराचं काय? करारात कधी पुराचा उल्लेख दिसला नाही.

दिसणार नाही, कारण नमुने पुण्या-मुंबईहून येतात. आणि सांगलीत भाड्याने घर घेणाऱ्यासाठी मला सगळ्यात मोलाचा हाच प्रश्न वाटतो.

२००५, २०१९ आणि २०२१ चा महापूर आपण पाहिला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. सूर्यवंशी प्लॉट, काकानगर, दत्तनगर, कर्नाळ रोड या भागांत पाणी सर्वांत आधी शिरतं. घर बघताना 'इथे पाणी येतं का?' असं विचारू नका, 'नाही हो' असं उत्तर ठरलेलं आहे. '२०१९ ला पाणी कुठवर होतं?' असं विचारा. भिंतीवरची खूण दाखवायला शेजारी पुढे येतात. महापालिकेच्या नकाशात घर निळ्या पूररेषेच्या आत आहे की लाल, तेही बघता येतं. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची.

आता कायदा. पुरामुळे जागा कायमची निकामी झाली तर भाडेपट्टा संपवायचा पर्याय १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात भाडेकरूला आहे. परवान्याबाबतही जागा नष्ट झाली किंवा नैसर्गिक आपत्तीने कायमची बदलून वापरता येईनाशी झाली तर परवाना संपतो. पण आपल्याकडे घर कायमचं जात नाही. आठ-दहा दिवस पाणी असतं, मग चिखल, मग वास, मग वायरिंग वाळेपर्यंत लाइट नाही. महिना-दीड महिना घर राहण्याजोगं नसतं आणि तरी ते 'कायमचं निकामी' नसतं. त्या दीड महिन्याचं भाडं द्यायचं का? कराराशिवाय याचं उत्तर कुठेच नाही. २०१९ नंतर ज्या घरांत मी गेले, तिथे याच एका प्रश्नावरून चांगले संबंध तुटलेले पाहिले. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. मालकांचंही नुकसान झालं होतं.

म्हणून मी पूरभागातल्या प्रत्येक करारात तीन वाक्यं सुचवते. पुराचं पाणी शिरल्यापासून घर पुन्हा राहण्याजोगं होईपर्यंत भाडं लागणार नाही. गाळ काढणं आणि वायरिंग तपासणं मालकाकडे, स्वतःचं सामान भाडेकरूकडे. अमुक दिवसांत घर पूर्ववत झालं नाही तर भाडेकरू नोटिशीशिवाय सोडू शकतो आणि डिपॉझिट पूर्ण परत मिळेल. मालकांनी आजवर एकदाच नकार दिलाय. त्या भाडेकरूंनी ते घर घेतलं नाही.

लॉक-इन म्हणजे काय?

ज्या काळात कुणालाच करार मोडता येत नाही तो काळ. सहा महिने लॉक-इन असेल आणि तिसऱ्या महिन्यात बदली झाली, तर उरलेल्या तीन महिन्यांचं भाडं मागितलं जाऊ शकतं. बँकेत, शिक्षण खात्यात किंवा मिरजेच्या दवाखान्यांत नोकरी करणाऱ्यांनी 'बदलीचा आदेश दाखवल्यास एक महिन्याच्या नोटिशीवर सोडता येईल' ही सूट घालून घ्यावी. नोटिशीची मुदत दोघांना सारखी आहे का, तेही पाहा. तुम्हाला दोन महिने आणि मालकाला पंधरा दिवस, असे करार मी पाहिले आहेत.

"तोंडी बोलणं झालंय, काका चांगले आहेत" हे पुरेसं नाही का?

काका खरंच चांगले असतात, बहुतेक वेळा. पण त्यांचा मुलगा पुढच्या वर्षी कारभार हाती घेतो आणि तोंडी बोललेलं त्याला माहीत नसतं. त्याहून मोठं कारण १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे. परवान्याची मुदत संपल्यावर ताबा मिळवण्यासाठी मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे गेला, तर लेखी करारात जे लिहिलंय ते निर्णायक पुरावा मानलं जातं. 'वर्षभराने वाढवून देतो म्हणाले होते' हे तिथे चालत नाही. मुदत संपूनही राहिलात तर त्या काळासाठी भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. म्हणून करार संपायच्या दोन महिने आधी मोबाइलमध्ये आठवण लावून ठेवा. करार आपोआप पुढे चालू राहत नाही.

घर दाखवणारा खरा मालक आहे, हे कसं ओळखायचं?

घरपट्टीची पावती, मिळकत पत्रिका किंवा खरेदीखताची सूची क्रमांक २ (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा गोषवारा, म्हणजे 'इंडेक्स टू'), यांपैकी काहीतरी मागा आणि नाव ओळखपत्राशी ताडून बघा. गावभाग, खणभाग इथल्या जुन्या वाड्यांवर तीन-चार भावांची नावं असतात. एकानेच भाड्याने दिलं आणि दुसऱ्याने हरकत घेतली तर त्रास तुम्हाला. शक्यतो सगळ्यांची संमती जोडा. मालक परगावी असतील आणि नातेवाईक सही करणार असतील तर मुखत्यारपत्र डोळ्यांनी बघा.

फ्लॅटसाठी सोसायटीची परवानगी लागते का?

गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) सभासदाने, म्हणजे फ्लॅटमालकाने, पूर्वपरवानगी घ्यायची नसते. कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत सोसायटीला द्यायची असते. भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी जो बिनभोगवटा आकार घेते, तो सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त नसावा, असा २००१ चा शासन आदेश आहे. हा आकार आणि महिन्याचा मेंटेनन्स कोण भरणार ते लिहा. पार्किंगचा क्रमांकही.

पोलीस पडताळणी कुणी करायची?

माहिती मालकाने द्यायची. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर ती घरबसल्या भरता येते.

आम्ही चौघं विद्यार्थी मिळून फ्लॅट घेतोय. सही एकाने केली तर चालेल?

चालेल, पण मग पूर्ण भाड्याला तो एकटा बांधील. वालचंद किंवा विलिंग्डन कॉलेजची मुलं विश्रामबागेत फ्लॅट घेतात, सहामाहीला एक जण वसतिगृहात जातो आणि उरलेल्यांवर बोजा येतो. चौघांचीही नावं घाला आणि मधेच कुणी गेलं तर त्याच्या जागी दुसरा आणायला परवानगी लिहून घ्या. १८ पूर्ण नसलेल्याला करार करता येत नाही, त्याच्या वतीने पालक लागतात. पाहुणे, रात्रीची वेळ, मांसाहार यांच्या अटी असतील तर त्या मुलांनी स्वतः वाचाव्यात, आई-वडिलांवर सोडू नयेत.

मालक कधीही घरात येऊ शकतात का?

पाहणीचा हक्क करारात असतोच. त्यापुढे 'एक दिवस आधी कळवून, दिवसा' हे पाच शब्द जोडा. एकट्या राहणाऱ्या मुलींसाठी मी ते आग्रहाने घालते.

अंगठा लावण्याच्या दिवशी नेमकं काय होतं?

त्याच्या आधल्या दिवशी मसुदा पीडीएफमध्ये मागून घ्या. तो देणं अवघड नसतं, नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर माहिती भरली की मसुदा तयार होतो. नावाचं स्पेलिंग, भाड्याचा आकडा, डिपॉझिट, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, दरसाल वाढ असेल तर किती टक्के, हे बोट ठेवून वाचा. इंग्रजीत असेल तर मराठीत करून मागा, पोर्टलवर ती सोय आहे. त्या दिवशी मालक, तुम्ही आणि दोन साक्षीदार, सगळ्यांची आधारवरून ओळख पटवली जाते, फोटो निघतो, अंगठा घेतला जातो. मेंदी, सिमेंटचं काम किंवा वयामुळे अंगठा उमटत नसेल तर दुसरं बोट चालतं. मग दस्त दुय्यम निबंधकांकडे (नोंदणी अधिकाऱ्यांकडे) ऑनलाइन जातो. त्यांनी त्रुटी काढली तर तो परत येतो, म्हणून नुसता अंगठा लावला म्हणजे नोंदणी झाली असं समजू नका. दस्त क्रमांक आणि सूची क्रमांक २ असलेली अंतिम प्रत हातात येईपर्यंत नोंदणी करून देणाऱ्याच्या मागे लागा. ती प्रत तुमच्या ईमेलवर हवी, फक्त मालकांच्या नाही. गॅस जोडणी, आधारवरचा पत्ता, मुलांचा शाळाप्रवेश, सगळीकडे हीच लागते.